पुणे–पंढरपूर सायकल वारी: हडपसर ते इंदापूर हा पहिला दिवस कसा आखायचा

पुणे ते पंढरपूर हे अंतर सोलापूर रस्त्याने सुमारे 210 किलोमीटर आहे. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण, इंदापूर करत टेंभुर्णीला महामार्ग सोडायचा आणि करकंबवरून पंढरपूर गाठायचं. सराव झालेला सायकलस्वार हे एका दिवसात करतो. पण 40 जणांच्या मिश्र गटाला, म्हणजे ज्यात बावीस वर्षांचा मुलगा आहे आणि साठीच्या काकूही आहेत, दोन दिवस लागतात. पहिला दिवस हडपसर ते इंदापूर, सुमारे 130 किलोमीटर. दुसरा दिवस उरलेले 70–75. पहिला दिवस नीट पार पडला तर दुसरा सहसा अडत नाही, म्हणून हा लेख फक्त पहिल्या दिवसाबद्दल आहे.

हा दिवस गावांच्या आधारावर चालतो. नाश्ता एका गावात, जेवण दुसऱ्या, मुक्काम तिसऱ्या. गावं मनापासून करतात, वारकऱ्याला पाणी पाजणं या पट्ट्यात कोणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे आपली जबाबदारी जास्त. गावाला दोनच गोष्टी बिनचूक हव्या असतात: माणसं किती आणि येणार कधी. या दोन गोष्टी चुकल्या की अन्न वाया जातं, किंवा कमी पडतं, आणि चुलीपुढे बसलेल्या बायका दोन तास ताटकळतात.

तारीख

तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते आणि लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी याच रस्त्याने येते. पुढे ती बारामतीकडे वळते आणि इंदापूरला पुन्हा भेटते. त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते आणि गावं हजारो वारकऱ्यांच्या सेवेत असतात. तेव्हा 40 सायकलींची वेगळी सोय मागणं बरं नव्हे. प्रस्थानाच्या आधी निदान आठ-दहा दिवसांचा शनिवार-रविवार धरा.

जूनमध्ये या रस्त्याचा एक मोठा फायदा असतो, तो म्हणजे वारा. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि आपण आग्नेय-पूर्वेला चाललेलो असतो, म्हणजे बहुतेक वेळ तो पाठीशी किंवा उजव्या खांद्यामागे राहतो. दौंड-इंदापूरकडे पाऊसही पुण्याच्या मानाने फार कमी. परतीला हाच वारा छातीवर येतो, म्हणून सायकली परत ट्रकमधून आणायच्या हे आधीच ठरवून ठेवा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, ती जूनमध्ये नसते.

गावाशी बोलणं

महिनाभर आधी प्रत्यक्ष जाऊन या. फोनवर सगळे "या, या" म्हणतात. सावली किती, नळाला पाणी किती वाजता येतं, संडास किती आणि किल्ली कोणाकडे, हे उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. नाश्त्याला देवळाचा मंडप किंवा समाजमंदिर पुरतं. मुक्कामाला शाळा किंवा मंगल कार्यालय लागतं. कार्यालय घेणार असाल तर त्या दिवशी लग्नाची तिथी आहे का ते पाहा, कारण एखादं लग्न ठरलं की तुमचा तोंडी शब्द मागे पडतो. शाळा घेणार असाल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती या दोघांचीही परवानगी लेखी घ्या. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारी वर्ग मोकळे मिळतात. बाकं जशी होती तशी लावून निघायचं.

स्वयंपाक गावातल्या महिला बचत गटाला ताटामागे दर ठरवून द्या आणि किराण्याची रक्कम आधी पोचवा. तरुण मंडळाची किंवा भजनी मंडळाची मदत सेवा म्हणून घ्यायला हरकत नाही, पण धान्य आणि गॅसचा भार गावावर टाकू नका. सुरुवातीला कोणी पैसे घेत नाही. तेव्हा देवस्थानाला किंवा शाळेला पावती घेऊन देणगी द्या.

आकडा सांगताना "साधारण पन्नास" म्हणू नका. सायकलस्वार 40, गाड्यांवरचे आणि स्वयंसेवक 5, म्हणजे ताटं 45. हा आकडा दोन दिवस आधी पक्का करून कळवा, त्यानंतर कोणी गळालं तरी लगेच सांगा. हिशेब करून बघा: जेवणाला माणशी दोन भाकरी म्हटल्या तर 90, वर काही धरून 100. एका तव्यावर एका भाकरीला दोन-तीन मिनिटं जातात. म्हणजे एकाच चुलीवर शंभर भाकरींना चार तास. तीन चुली असल्या तर दीड तास. तुम्ही तासभर उशिरा येणार हे बचत गटाला साडेनऊला कळलं तर त्या अकराला तवा ठेवतील आणि भाकरी गरम मिळेल. अकराला कळलं तर भाकरी टोपलीत वातड होतात.

तुकड्या आणि गाड्या

40 जणांची एक ओळ महामार्गावर चालवू नका. आठ-आठच्या पाच तुकड्या करा. प्रत्येकीत एक लीड म्हणजे सर्वांत पुढचा, एक स्वीप म्हणजे सर्वांत मागचा. लीडने वेग धरायचा, स्वीपने कोणालाही मागे ठेवून पुढे जायचं नाही. पंक्चर काढता येणारा एक माणूस प्रत्येक तुकडीत हवाच. तुकड्या वेगानुसार पाडा, ओळखीनुसार पाडू नका. मित्राच्या तुकडीत राहायचं म्हणून ताशी 18चा माणूस 24च्या मागे धावतो आणि भिगवणला पाय आखडून बसतो. सर्वांत सावकाश तुकडी आधी सोडा आणि प्रत्येक दोन तुकड्यांत पाच मिनिटं ठेवा, म्हणजे थांब्यावर सगळे जवळपास बरोबर पोचतात.

गाड्या दोन हव्यात. एक छोटा हत्ती सामान आणि खाणं घेऊन पुढे, दुसरी गाडी सर्वांत मागे. एकाच गाडीत भागवायला गेलात तर ती पुढे असताना मागचा माणूस एकटा पडतो, आणि मागे असताना नाश्त्याची भांडी वेळेवर पोचत नाहीत. मागच्या गाडीने सायकलच्या मागोमाग रांगत येऊ नये. महामार्गावर ताशी 15ने चालणाऱ्या गाडीला मागून ठोकलं जाण्याचा धोका फार मोठा असतो. तिने रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावं, शेवटचा स्वीप तीन-चार किलोमीटर पुढे जाऊ द्यावा, मग गाठून पुन्हा पुढे सुरक्षित जागी थांबावं.

गाडीत काय ठेवायचं:
– दाब दाखवणारे दोन फ्लोअर पंप. प्रेस्टा आणि श्रेडर दोन्ही व्हॉल्व्हना चालणारे.
– 26, 27.5, 29 इंची आणि 700 मापाच्या प्रत्येकी तीन ट्यूब. (सायकलस्वाराजवळ स्वतःच्या दोन असायलाच हव्यात.)
– 8 ते 11 स्पीडचे चेन जोडणारे क्विक लिंक, चेन कटर, ब्रेक आणि गिअरच्या आतल्या केबल, 15 मिलिमीटरचा पेडल पाना, ॲलन की, झिप टाय, जुन्या टायरचे तळहाताएवढे तुकडे.
– गोधड्या आणि सुतळी. दोरीने करकचून बांधलेल्या सायकलीचा रंग आणि गिअर दोन्ही जातात.

डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग जिथे फ्रेमला जोडतात तो छोटा धातूचा तुकडा, मात्र प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि वाटेतल्या दुकानांत मिळत नाही. सायकल गिअरच्या बाजूला आडवी पडली की तो वाकतो किंवा तुटतो. ज्याने त्याने आपला एक जादा आणावा.

पहाटे 4:30 ते यवत

हडपसरच्या गाडीतळाजवळ साडेचारला जमायचं, पाचला पहिली तुकडी सुटायची. जूनमध्ये पुण्याला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिला तास अंधारातच. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि चमकणारं जाकीट. यातलं एक जरी नसेल तर तो माणूस उजाडेपर्यंत गाडीत बसेल, हा नियम सगळ्यांना सारखा.

त्या अर्ध्या तासात हवा तपासा. 70 किलोच्या माणसाला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये 80–85 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप), 35 मिलिमीटर टायरच्या हायब्रिडला 55–60, दोन इंची टायरच्या एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, 40–45. ओला रस्ता असेल तर पाच कमी. सीटची उंची पाहायची सोपी रीत: टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे. वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे, आणि 90 किलोमीटरनंतर गुडघा पुढून दुखणार. पॅड असलेल्या शॉर्टखाली दुसरं काही घालू नये, आणि घासतं तिथे व्हॅसलिन आधीच लावावं.

मार्केट यार्डकडे जाणाऱ्या टेम्पोंची गर्दी सुरू व्हायच्या आत लोणी काळभोर मागे टाकायचं. उड्डाणपुलावरून जायचं की सर्व्हिस रोडने, हे पाचही लीडनी आदल्या दिवशी एकच ठरवावं. अर्धे वरून आणि अर्धे खालून गेले की स्वीपला कोण कुठे आहे कळत नाही आणि वीस मिनिटं शोधाशोधीत जातात. पुलांवर कडेची पट्टी अरुंद होते, म्हणून गावातले पूल सर्व्हिस रोडने टाळणं बरं. वाळू आणि रिक्षा असतात, पण वेगही कमी असतो.

एकामागे एक, दोन चाकांत निदान एका सायकलीएवढं अंतर. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी येऊ द्यायचं नाही. पुढचा जरा हलला की चाकाला चाक लागतं आणि पडतो तो नेहमी मागचा. "खड्डा", "गाडी मागे", "थांबतोय" हे तीन शब्द ओरडून मागे पोचवायचे. सगळ्यांत वाईट म्हणजे कडेच्या पट्टीवरून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी. अशा वेळी लीडने "समोर!" म्हणून वेग उतरवायचा, गरज पडली तर डावीकडे पाय टेकून उभं राहायचं. मागे न बघता उजवीकडे सुटणं म्हणजे ट्रकपुढे जाणं.

यवतला, सुमारे 35 किलोमीटरवर, सात वाजता नाश्ता. 45 जणांना साडेचार किलो पोहे. फोडणी आधी तयार ठेवायची, पण पोहे भिजवायचे ते "शेवटची तुकडी लोणी सोडून अर्धा तास झाला" हा निरोप आल्यावर. पहिली तुकडी निघाल्याचा निरोप स्वयंपाक्याला कधीच देऊ नका. पोहे अर्ध्या तासात कोरडे पडतात आणि शेवटच्या तुकडीला खरवड मिळते, जिला चांगल्या खाण्याची सर्वांत जास्त गरज असते. वडा-मिसळ नको, तिखट-तेलकट खाऊन वाकून सायकल चालवली की पुढचे दोन तास छातीत जळजळतं.

यवत ते भिगवण

नाश्त्यानंतर ऊन चढायला लागतं. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. 40 जणांना दिवसभरात 200 लिटरच्या आसपास, म्हणजे वीस लिटरचे दहा जार आणि दोन वरकड. चार गाडीत ठेवा, बाकीचे कुरकुंभ, भिगवण इथे आधी सांगून भरून घ्या. नुसतं पाणी पीत राहणारा माणूस दुपारी मळमळ आणि डोकेदुखी घेऊन बसतो, कारण घामातून गेलेलं मीठ परत आलेलं नसतं. दर दुसरी बाटली ओआरएसची. एक पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं, अंदाजे चिमूट-चिमूट नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खाणं दर पाऊण तासाला थोडं: अर्धं केळं, एक राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. माणशी चार केळी धरली तर चौदा डझन लागतात. निम्मी यवतला घ्या, सगळी पुण्याहून आणली तर जारखाली चिरडतात.

याच टप्प्यात पंक्चर सुरू होतात. कडेच्या पट्टीवर फुटलेल्या ट्रक टायरचे तुकडे पडलेले असतात आणि त्यातून सुटलेली केसासारखी पोलादी तार हेच मुख्य कारण असतं. ती टायरमधून आत शिरते, ट्यूबला सुईच्या टोकाएवढं भोक पाडते आणि तिथेच राहते. घाईत नुसती ट्यूब बदलली तर पाचव्या किलोमीटरला पुन्हा हवा जाते, आणि लोक ट्यूबला नावं ठेवतात. म्हणून क्रम असा ठेवा. टायर काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरापाशी आहे ते बघा. ट्यूब बाहेर काढून फुगवा आणि गालाजवळ फिरवा, हवा कुठून येते ते त्वचेला कळतं. व्हॉल्व्हपासून ते भोक किती बोटांवर आहे ते मोजा आणि तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये, दोन्ही दिशांना, शोधा. आतून कापसाचा बोळा फिरवला की तो तारेला अडकतो. बोट फिरवायचंच तर अगदी हळू. तार नखाने निघत नाही, बारीक चिमट्याने ओढा. मगच नवी ट्यूब थोडी फुगवून बसवा आणि शेवटचा टायरचा काठ लिव्हरऐवजी (टायर काढायच्या पट्टीऐवजी) अंगठ्याने ढकला, लिव्हरने नवी ट्यूब चिमटते.

दोन भोकं शेजारी-शेजारी असतील तर ती तार नाही. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिरडली गेली. टायरची हवा पुन्हा तपासा. आणि सावली दिसली म्हणून बाभळीखाली सायकल ढकलत नेऊ नका. उचलून न्या. काट्यांनी एका थांब्यात चार ट्यूब जातात.

कुरकुंभला सुमारे साडेनऊला चहा-पाणी, पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. इथेच मुख्य निर्णय घ्यायचा. जी व्यक्ती ठरल्या वेळेच्या अर्धा तास मागे असेल तिला मागच्या गाडीतून भिगवणपर्यंत न्यायचं. जेवून, विश्रांती घेऊन ती पुढचे 33 किलोमीटर पुन्हा चालवू शकते. हा नियम आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगितलेला असावा आणि तो संयोजकाच्या काकांनाही लागू असावा. भर रस्त्यात उन्हात समजूत घालत बसलं की सगळ्यांचाच दिवस पुढे सरकतो.

प्रत्येक थांब्यावर मोजणी. एकाने 40 डोकी मोजायची नाहीत, ती कधीच जुळत नाहीत. लीडने आपले आठ मोजायचे आणि पाच लीडनी आकडा सांगायचा. घरी परतणाऱ्याने लीडला सांगून जायचं. न सांगता बसने निघून गेलेल्या माणसासाठी अख्खा गट तासभर थांबलेला असतो.

भिगवणला साडेअकराच्या आत पोचलात तर दिवस ताब्यात आहे. पिठलं-भाकरी, ताक, थोडा भात. पिठल्याला अडीच किलो बेसन, भाताला साडेतीन किलो तांदूळ पुरतो. भिगवण माशांसाठी प्रसिद्ध आहे आणि रस्त्याला लागून तशी हॉटेलं आहेत, पण ती वारीत नाहीत. पोटभर जेवू नका, एक घास कमी ठेवा. अर्धा तास आडवं व्हा, पाय भिंतीला टेकवून वर.

दुपारचे 33 किलोमीटर

साडेबाराला निघायचं. अंतर कमी आहे, पण पडणं सर्वांत जास्त इथेच होतं. ऊन, भरलेलं पोट, मोकळा रस्ता आणि पाठीशी वारा यांमुळे वेग आपोआप वाढतो आणि लक्ष कमी होतं. पहिली दोन किलोमीटर हलक्या गिअरमध्ये. दर दहा किलोमीटरला दोन मिनिटं उतरायचं. हात बधिर होत असतील तर पकड बदला, कोपर ताठ ठेवू नका.

घाम थांबला, अंगावर काटा आला, माणूस असंबद्ध बोलू लागला तर ती साधी दमणूक नसते. लगेच सावली, अंगावर पाणी, मान आणि काखेत ओलं फडकं, आणि 108. महामार्गावरच्या मदतीसाठी 1033 हा क्रमांकही सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

डावीकडे उजनीचं पाणी अधूनमधून दिसत राहतं. जूनमध्ये धरण आटलेलं असलं तर पळसदेवजवळचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलेलं असतं. बघण्यासारखं आहे, पण गटासह आत वळू नका. ज्यांना बघायचं त्यांनी वेगळा दिवस काढावा.

इंदापूर

तीनच्या सुमारास मुक्काम. पहिल्या तुकडीचं काम म्हणजे झोपणं नव्हे, पाण्याची टाकी भरली आहे का ते बघणं. 40 जणांनी एकदम नळ सोडले तर शेवटच्यांना आंघोळीला थेंब उरत नाही. माणशी एक बादली, आणि शेवटच्या तुकडीच्या आठ बादल्या भरून बाजूला. चार्जिंगला वर्गात सहसा एकच बोर्ड असतो, म्हणून तीन एक्स्टेन्शन आणा. सायकली रात्री खोलीत, कुलपात.

चारनंतर गावातल्या शाळकरी मुलांना आपापल्या सायकली घेऊन यायला सांगा. पंप, तेल, पाने आपल्या गाडीत आहेतच. हवा, ब्रेक, सैल झालेली चेन, दोन-चार पंक्चर: पाच माणसांनी दोन तासांत पंधरा-वीस सायकली होतात. ब्रेक नसलेली सायकल पाय घासून थांबवणारी मुलं असतात, तिथे तीस रुपयांच्या ब्रेक शूने फरक पडतो. हे शे-दोनशे रुपयांचं सामान पुण्याहूनच आणा.

नंतर आपल्या सायकली. चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीला एक थेंब तेल, वरचं पुसून टाका, नाहीतर उद्याची सगळी धूळ तिथेच बसेल. टायरमध्ये रुतलेले काच-खडे काढा. सात वाजता गावकऱ्यांबरोबर हरिपाठ, साडेसातला जेवण. पत्रावळी आणि कागदी पेले मागू नका. घरून स्टीलचं ताट-पेला आणा, खरकटं एका बादलीत जमा करा आणि ज्याची गुरं आहेत त्याला विचारून द्या.

नऊला दिवे मालवायच्या आधी लीडनी एकदा बसायचं. कोण उद्या चालवणार, कोण गाडीत, कोणाचं गुडघ्याचं दुखणं खरं आहे. मग नवा आकडा काढायचा आणि टेंभुर्णीला फोन: उद्या सकाळी चहा 44 जणांना, पंचेचाळीस नाही, आणि शेवटची तुकडी साडेसातला पोचेल.